पोकोनोजचं रिसॉर्ट: सही करायच्या आधी जरा थांबा

प्रेषक: सेक्रेटरी
विषय: विज्ञानकथा वीकेंड, हॉटेलचं काँट्रॅक्ट आलंय

नमस्कार मंडळी,

मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे आपल्या मराठी मंडळाच्या विज्ञानकथा वीकेंडसाठी पोकोनोजच्या (पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरांतल्या) त्या रिसॉर्टकडून काँट्रॅक्ट आलंय. शुक्रवार ते रविवार, दोन रात्री, ६० खोल्या, एक बॉलरूम, दोन छोट्या मीटिंग रूम, आणि आतच वॉटरपार्क आहे म्हणजे मुलांचा प्रश्न मिटला. तारखा दोन दिल्यात. कोलंबस डेचा वीकेंड, ९ ते ११ ऑक्टोबर २०२६, खोली २८९ डॉलर. नाहीतर ६ ते ८ नोव्हेंबर, १६० डॉलर. ऑक्टोबर महाग आहे पण लाँग वीकेंड, वर पानांचे रंग, त्यामुळे लोक येतील असं मला वाटतं. शुक्रवारपर्यंत सही करून पाठवायचीय, कोणाला काही बोलायचं असेल तर आत्ताच बोला, नंतर व्हॉट्सॅपवर नको.

प्रेषक: कार्यक्रम समितीतली एक

ऑक्टोबर!! मस्त!! कॉस्च्युमची स्पर्धा हवीच, आणि लाइटसेबर (स्टार वॉर्समधल्या प्रकाशाच्या तलवारी) घेऊन लेझीम बसवायची आयडिया माझी आहे, आधीच सांगून ठेवते. पण ११ ला घटस्थापना आहे ना? आमच्याकडे घट असतात, रविवारी सकाळी मला घरी असायला लागेल.

प्रेषक: एक जुना सभासद
विषय: Re: हॉटेलचं काँट्रॅक्ट (लांब आहे, चहा घेऊन बसा)

अजून सही करू नका प्लीज. बाल्टिकॉन, फिलकॉन अशा विज्ञानकथेच्या चाहत्यांच्या कन्व्हेन्शनांत मी बरीच वर्षं व्हॉलंटियर म्हणून राबतोय आणि बहुतेक वेळा हॉटेलशी बोलणाऱ्या लोकांच्यातच असतो, म्हणून लिहितोय.

आधी तारीख. फॅन लोकांची कन्व्हेन्शनं लाँग वीकेंडला असतात हे खरंय, बाल्टिकॉन मेमोरियल डेला, अटलांटाचं ड्रॅगन कॉन लेबर डेला, सिएटलचं नॉरवेस्कॉन आणि मिनिआपोलिसचं मिनिकॉन ईस्टरला, ब्रिटनमधल्याचं तर नावच ईस्टरकॉन. पण ते फक्त सुट्टी असते म्हणून नाही. शहरातली हॉटेलं कामासाठी फिरणाऱ्या लोकांवर चालतात, सणाच्या वीकेंडला ती ओस पडतात, मग सेल्सवाला खोलीचा रेट खाली आणतो आणि खोल्या भरल्या तर बॉलरूम जवळजवळ फुकटात देतो. अख्खं फॅनडम (चाहत्यांचं जग) त्या रिकाम्या हॉटेलांवर उभं आहे म्हटलं तरी चालेल. रिसॉर्टचं गणित बरोबर उलटं! कोलंबस डेला पोकोनोजला अर्धं न्यूजर्सी पानं बघायला जातं, त्यांना आपली गरजच नाही, म्हणून २८९. तेव्हा रिसॉर्ट घ्यायचंच असेल तर पानं गळून गेलीत आणि बर्फ अजून पडलेलं नाही असा मधला काळ धरायचा.

आणि हे काही मी नवीन शोधून काढलेलं नाही. १९७७ चं वर्ल्डकॉन (विज्ञानकथेचं दरवर्षीचं जागतिक संमेलन), सनकॉन म्हणतात त्याला, मुळात ओरलँडोला ठरलेलं, तिथल्या हॉटेलचं फिसकटलं आणि शेवटी मायामी बीचच्या फाँटेनब्लो हॉटेलात झालं, म्हणजे अस्सल समुद्रकाठचं रिसॉर्ट. कधी, तर लेबर डेला, सप्टेंबरच्या सुरवातीला, तेव्हा त्या उकाड्यात मायामीला जातंय कोण. बीचवरच्या हॉटेलाला तो मंदीचाच काळ. यातून दुसरीही गोष्ट बघा, त्या आयोजकांना ठरलेलं हॉटेल बदलावं लागलं. आपल्या काँट्रॅक्टमध्ये आपण कॅन्सल केलं तर दंड काय याचे दीड पान आहे, त्यांनी कॅन्सल केलं, विकून टाकलं, रेनोव्हेशन काढलं तर काय याची एक ओळ नाहीये. ती घालून घ्या.

आता खोल्या कुठे देणार ते विचारा. रिसॉर्टमध्ये इमारती लांब लांब असतात, एक कुटुंब या टोकाला, एक त्या टोकाला, रात्री थंडीत कोण बाहेर पडणार. कन्व्हेन्शनची मजा पॅनेल संपल्यावर कॉरिडॉरमध्ये असते, लोक हलायलाच तयार नसतात, तीन जण बोलत उभे असतात त्याचे नऊ होतात. हे व्हायला सगळ्या खोल्या बॉलरूमच्या वर किंवा बाजूला, एकाच विंगमध्ये हव्यात, आणि हे काँट्रॅक्टमध्ये लिहून हवं. तोंडी "हो हो करू" चालणार नाही. एका हॉटेलने (नाव नको) आम्हाला असंच तोंडी आश्वासन दिलं होतं, आणि आमच्या मजल्यावर मधोमध एक लग्नाचं वऱ्हाड टाकलं, रात्री अकराला ते आमच्यावर आवाजाची तक्रार करत होते आणि आम्ही त्यांच्यावर.

प्रेषक: खजिनदार

तारखेचं पटलं. मी पैशाचं लिहितो कारण पान ४ वरचं अॅट्रिशनचं (कमी खोल्या भरल्या तर भरपाई द्यायचं) कलम कोणी वाचलेलं दिसत नाही.

६० खोल्या गुणिले २ रात्री म्हणजे १२० रूम नाइट्स. त्यातल्या ८० टक्के म्हणजे ९६ आपण भरल्याच पाहिजेत. आपले लोक मी ओळखतो, समजा ७० भरल्या. मग उरलेल्या २६ रात्री गुणिले १६० म्हणजे ४१६० डॉलर मंडळाने रिकाम्या खोल्यांसाठी द्यायचे. गणपतीच्या वर्गणीतून?

माझं म्हणणं ३५ खोल्या घ्या. म्हणजे ७० रूम नाइट्स, त्याचे ८० टक्के ५६, तेवढ्या होतील. कमी पडल्या तर त्याच रेटने वाढवून मागू, नोव्हेंबरात ते नाही म्हणणार नाहीत.

अजून एक, राग मानू नका पण आपल्याकडे लोक ब्लॉकमधून (आपल्यासाठी राखून ठेवलेल्या खोल्यांतून) बुक न करता कुठल्यातरी वेबसाइटवर १२ डॉलर स्वस्त मिळालं म्हणून तिथून करतात आणि वर ग्रुपमध्ये स्क्रीनशॉट टाकतात. ती खोली आपल्या हिशोबात धरली जात नाही. त्यावर उपाय आहे का?

प्रेषक: एक जुना सभासद

आहे. वीकेंड झाल्यावर आपली रजिस्ट्रेशनची यादी आणि हॉटेलची पाहुण्यांची यादी ताडून बघायची, आपला माणूस कुठूनही बुक करून आला तरी ती खोली आपल्या खात्यात धरायची, असं कलम मागता येतं, फॅन कन्व्हेन्शनवाले नेहमी मागतात. शिवाय ब्लॉकची कट-ऑफ तारीख नीट बघा, त्या दिवशी न विकलेल्या खोल्या ते परत घेतात, आणि आपले लोक जागे होतात ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. रिसॉर्ट फी माफ करून मागा, ४० रूम नाइट्समागे एक फुकट मागा. सगळं देतील असं नाही, पण मागितल्याशिवाय कोणीच देत नाही.

प्रेषक: स्वयंपाकघर समिती

सगळ्यांचं ऐकलं, आता माझं ऐका. पान ६, "बाहेरचे कोणतेही खाद्यपदार्थ चालणार नाहीत". म्हणजे तीन दिवस आम्ही पास्ता आणि सीझर सॅलड खायचं का? माझ्या सासूबाई येणार आहेत, त्या हॉटेलची भाजी खात नाहीत. आणि चहाचा भाव बघितला का कोणी? गॅलनवर विकतात, ९० डॉलर गॅलन, गॅलनमध्ये आठ औंसाचे सोळा कप, वर २४ टक्के सर्व्हिस चार्ज. मी मुलाकडून हिशोब करून घेतला, टॅक्स न धरताच कपाला जवळजवळ ७ डॉलर पडतात. आणि तो चहा म्हणजे गरम पाणी आणि दोऱ्याची पुडी.

प्रेषक: एक जुना सभासद

काकू, यासाठी फॅन लोकांकडे कॉन सुइट नावाची फार सुंदर गोष्ट आहे. एक मोठा सुइट घ्यायचा, सभासदांसाठी रात्री उशिरापर्यंत उघडा ठेवायचा, खाणं-पिणं फुकट, म्हणजे आधीच फीमध्ये धरलेलं. तिथे आपलं आपण आणायची परवानगी हॉटेलकडून लिहून घ्यायची, त्या एका जागेपुरती. आपले चिवडा, चकल्या, लाडू सगळं कोरडं, त्यावर हॉटेल फारसं अडत नाही. गरम जेवणासाठी, इकडची बरीचशी हॉटेलं देशी लग्नं करतात, त्यांच्याकडे मान्य केलेल्या इंडियन केटरर्सची यादी असते, ताटामागे थोडी किचन फी घेतात. ती यादी मागा. चहाचं मात्र, सुइटमध्ये स्टोव्ह लावायचा विचार मनात असेल तर काढून टाका, इलेक्ट्रिक किटली न्या.

आगीवरून आठवलं, खोलीत उदबत्ती नको आणि छताच्या स्प्रिंकलरला काहीही अडकवायचं नाही, कॉस्च्युमचा हँगरसुद्धा नाही. १९९७ ला मेरीलँडमध्ये डिसक्लेव्ह नावाचं कन्व्हेन्शन होतं, एकाने स्प्रिंकलरला हातकड्या अडकवल्या (का अडकवल्या ते काकू विचारू नका), तो तुटला, पाणी खालच्या मजल्यांपर्यंत गेलं. त्याला अजून फॅनडममध्ये डिसक्लेव्हचा पूर म्हणतात.

प्रेषक: माजी अध्यक्ष

चर्चा वाचतोय. हॉटेलचं तुम्ही बघालच, पण कार्यक्रमाचं स्वरूप काय? दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, पुढच्या रांगा स्पॉन्सरसाठी, हे काहीच दिसत नाही. बृहन महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं आपण बघितलीत, लोक मोठ्या नावासाठी तिकीट काढतात. नुसत्या गप्पांसाठी कोण पोकोनोजला येणार?

प्रेषक: कॉलेजमधली (आईच्या अकाउंटवरून)

काका, कन्व्हेन्शनला तिकीट नसतं, मेंबरशिप असते, आणि हा फरक खूप मोठा आहे. वर्ल्डकॉनला कमिटीचे लोकपण स्वतःची मेंबरशिप विकत घेतात. तुम्ही शो बघायला येत नाही, तुम्हीच तो करता. १९३६ ला न्यूयॉर्कची काही मुलं ट्रेनने फिलाडेल्फियाला गेली आणि एकाच्या घरी बसून बोलली, फिलकॉनवाले आपली सुरवात तिथून मोजतात. त्यांच्याकडे पुढच्या रांगाच नव्हत्या :) पाहुणे असतात, गेस्ट ऑफ ऑनर म्हणतात, पण लेखकाबरोबर एक फॅन गेस्ट ऑफ ऑनरपण असतो, म्हणजे साधा वाचक ज्याने वर्षानुवर्षं काम केलंय. मला वाटतं ज्या मावशींनी बेसमेंटमध्ये मराठी लायब्ररी चालवलीय त्यांना करूया. समई एलईडीची चालेल ना?

आणि कॉस्च्युमसाठी नियम लिहून काढा. बाजूला वॉटरपार्कमध्ये लहान मुलं आहेत. खोट्या तलवारी, बंदुका दारातच तपासून झिप टायने बांधून टाकतात, म्यानातून निघणारच नाहीत अशा, त्याला पीस बाँडिंग म्हणतात. स्पेससूटमधला मावळा येणार हे मला माहितीय, मला दोघांनी ऑलरेडी विचारलंय. आणि सगळ्यांनी ५-२-१ पाळा, रोज पाच तास झोप, दोन जेवणं, एक आंघोळ. हा खरा नियम आहे, मी बनवलेला नाही.

प्रेषक: लायब्ररीवाली मावशी

मला कसला मान देताय, त्यापेक्षा पुस्तकं ठेवायला दोन टेबलं द्या. माझ्याकडे अनंत अंतरकरांच्या 'नवल'चे जुने अंक आहेत, कोणाला हात लावू देत नाही पण काचेखाली ठेवीन.

कार्यक्रमाबद्दल, एक गोष्ट झालीच पाहिजे. जयंत नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती स्वतःच्या नावाने नाही, नारायण विनायक जगताप या नावाने, आपल्याच आद्याक्षरांची उलटापालट करून, म्हणजे परीक्षकांवर नावाचं दडपण नको. आणि पहिलं बक्षीस मिळालं. दुर्गाबाई भागवतांनी १९७५ ला कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून त्या कथेची दखल घेतली, तिथून मराठीत विज्ञानकथेकडे लोक जरा सरळ मानेने बघायला लागले. माजी अध्यक्षांना मोठं नाव हवंय ना, हे घ्या, मोठं नाव जे स्वतःचं नाव लपवून स्पर्धेत उतरलं. कथा वाचायची, मग आपल्यातल्या फिजिक्सवाल्यांना बसवायचं आणि विचारायचं, २०१९ ला एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा फोटो आला, आता ही कथा कशी वाटते. कुठे जुनी झाली, कुठे नाही. भांडणं व्हायला पाहिजेत, आरत्या नकोत.

परिषदेतल्या किंवा पुण्यामुंबईच्या लेखकांना झूमवर घेता येईल. तोपर्यंत घड्याळं मागे गेलेली असतील, साडेदहा तासांचा फरक, आपल्या सकाळच्या साडेनऊला तिकडे रात्रीचे आठ. त्याच्यापुढे नको, तिकडे जेवणं असतात.

प्रेषक: माजी अध्यक्ष

नारळीकरांचं मान्य. समई एलईडीची नको, त्यापेक्षा नसलेली बरी.

प्रेषक: सेक्रेटरी

बरं. सही थांबवलीय. ६ ते ८ पण जमणार नाही, ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे हे माझ्यासकट कोणीच बघितलं नव्हतं का? मी १३ ते १५ नोव्हेंबर मागते, भाऊबीज झालेली असेल, फराळ उरलेला असेल, तोच कॉन सुइटमध्ये. सोमवारी त्यांच्या सेल्सवालीला फोन करतेय, ३५ खोल्या, एकच विंग, यादी ताडायचं कलम, त्यांनी कॅन्सल केलं तर काय ते, सुइटमध्ये आपलं खाणं, केटररची यादी, रिसॉर्ट फी माफ. प्रोजेक्टर आपला आणायची परवानगी पण, त्यांच्या प्रोजेक्टरचं भाडं ऐकून नवीन घेतलेला परवडेल. काँट्रॅक्टवर नाव मंडळाचं असेल, कोणा एकाचं वैयक्तिक नाही, आणि खजिनदार, इन्शुरन्सचं सर्टिफिकेट लागेल तेवढं काढून ठेवा.

प्रेषक: स्वयंपाकघर समिती

वॉटरपार्कचे पास १६० मध्येच धरलेत का ते पण विचार, आणि खोलीमागे किती जणांचे. आमच्या खोलीत पाच आहेत.