मदत हवी आहे: घरी शिवलेला टार्प मधल्या शिवणीतून गळतोय, उसवू की वरून काहीतरी लावू?

डोंगरखुळा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढतोय. मोबाइलवरून टंकतोय, शुद्धलेखनाकडे कानाडोळा करा.

तर झालं असं की पावसाळी ट्रेकसाठी हलका टार्प (डोक्यावर ताणून बांधायचं पाणी न झिरपणारं कापड) घरीच शिवायचा असं डोक्यात बसलं. पुण्यात रविवार पेठेतून रेनकोटचं कापड आणलं, बारीक चौकड्यांचं, रिपस्टॉप म्हणतात ते नायलॉन, एका बाजूने पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग आहे असं दुकानदार म्हणाला. पन्हा ५८ इंच, त्यामुळे ३ मीटरचे दोन तुकडे मध्ये जोडले की साधारण ३ बाय ३ होतो असा हिशोब, कोपऱ्यांच्या ठिगळांना धरून साडेसहा मीटर घेतलं. आईच्या जुन्या पायमशीनवर शिवलं. मधली जोड साधीच, मग आतलं दुमडून वरून एक टीप. दोरा आईच्या डब्यात होता तो. कोपऱ्यांना फ्लेक्सवाल्याकडून रिंगा मारून घेतल्या. शिवणीवर आतून हार्डवेअरच्या दुकानातलं खिडक्यांना लावतात ते सिलिकॉन अंगठ्याने फासलं, म्हणलं झालं आपलं काम.

मागच्या शनिवारी राजमाचीला गेलो, उधेवाडीत ज्यांच्याकडे जेवलो त्यांच्याच अंगणात दोन झाडांना दोरी बांधून, दोरीवर टार्प टाकून झोपलो. रात्री १ पर्यंत मस्त. मग मधोमध टपटप सुरू, एका रेषेत, बरोबर मित्राच्या स्लीपिंग बॅगवर. शिवाय कापड ओलं झाल्यावर ढिलं पडून मध्ये त्याचं पोट सुटलं, त्यात पाणी साचलं, एका कोपऱ्याची रिंग कापडासकट उपटून आली. शेवटी त्या काकांच्या ओसरीवर. सकाळी बघतो तर सिलिकॉन दुधावरची साय निघावी तसं अख्खं सोलून हातात आलं.

आता प्रश्न असा की मधली शिवण उसवून परत शिवू का वरून दुसरं काही लावू, सिलिकॉन का सुटलं, आणि रिंगांचं काय करू? महिन्याभराने परत जायचंय आणि मित्र म्हणतोय तुझ्या तंबूत आता तूच झोप.

उंटावरचा शहाणा

बोहरी आळीत जा, निळी ताडपत्री घे, घरी ये. एवढा उद्योग कशाला?

डोंगरखुळा

@उंटावरचा शहाणा, १२० जीएसएमची (चौरस मीटरला १२० ग्रॅम) ३ बाय ३ म्हणजे एक किलोच्या वर जाते हो, घडी नीट होत नाही आणि वाऱ्यात रात्रभर फडफड. माझा रिंगांसकट पाऊण किलो आहे. आणि खरं सांगायचं तर शिवायची हौसच होती.

रंगारी काका

सिलिकॉनचं सांगतो, रंगाचं दुकान आहे, रोज हाच प्रश्न गच्चीवाले विचारतात. पीयूवर सिलिकॉन धरत नाही, वर नुसतं बसतं. सिलिकॉनवाल्या कापडाला (सिलनायलॉन) सिलिकॉनच लागतं, तिथे दुसरं काही चिकटत नाही. पीयूला पीयूचाच सीलर (शिवणीची भोकं बुजवणारं चिकट द्रव) किंवा गरम करून लावायची टेप. घरातला रेनकोट उलटा करून बघ, शिवणींवर आतून पारदर्शक पट्टी दिसेल, तीच ती. आणि तू ट्यूबमधून काढून घट्टच फासलंस, पातळ न करता, ते जाड पापुद्र्यासारखं होणारच.

वाईट बातमी पुढे आहे. जिथे एकदा सिलिकॉन लागलं तिथे आता टेपही नीट चिकटणार नाही, खरवडलंस तरी तेलकट थर राहतोच.

घाटवाट

थांबा थांबा, आधी निदान. थेंब टाक्यांतून पडत होते का दोरीवरून? टार्प दोरीवर टाकला होतास म्हणतोस, म्हणजे दोरी टार्पच्या खाली. झाडावरून दोरीवर येणारं पाणी दोरी धरून थेट आत चालत येतं आणि दोरी जिथे झोळ खाते तिथे टपकतं. मी हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर एकदा रात्रभर शिवणीला शिव्या घातल्या आणि निघाली दोरी. उपाय फुकटचा आहे, टार्पच्या बाहेर दोन्हीकडे दोरीला वीतभर सुतळी गाठ मारून लोंबती सोडायची, पाणी तिथून खाली उतरतं.

आणि पोट सुटण्याचं म्हणशील तर नायलॉन ओलं झालं की ताणतंच, तो दोष तुझ्या शिवण्याचा नाही. पॉलिएस्टर कमी ताणतं. झोपायच्या आधी एकदा उठून सगळ्या दोऱ्या परत आवळायच्या, आणि उतार जास्त ठेवायचा, सपाट मांडव घालायचा नाही. वाऱ्याकडची बाजू पार जमिनीपर्यंत.

अजून एक, धुक्यात टार्पच्या आतून दव धरतं. तेही गळल्यासारखंच वाटतं. पण ते सगळीकडे असतं, एका रेषेत नसतं.

रीळबॉबिन

डोंगरखुळा, मी बावीस वर्षं शिलाईकाम करते, त्यातली पाचेक वर्षं रेनकोट आणि बॅगांची कव्हरं शिवलीत. तुझं वाचून हसूही आलं आणि कीवही.

आधी दोरा. आईच्या डब्यातला म्हणजे सुती असण्याची शक्यता जास्त. एक तुकडा तोडून काडी लाव. कागदासारखा वास येऊन राख झाली तर सुती, वितळून टोकाला गोळी झाली तर पॉलिएस्टर. सुती दोरा वातीसारखं पाणी आत ओढतो, आणि ओला ठेवलास की पावसाळ्याभरात कुजतो.

दुसरं, टाचण्या लावल्या होत्यास का? लावल्याच असशील. कोटिंगच्या कापडाला सुईचं भोक बुजत नाही, म्हणून उसवूही नको, जुनी भोकं तशीच राहतील आणि शेजारी नवी पडतील. टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लाव.

आता मी काय केलं असतं ते सांगते. शिवण उसवायची नाही, कापून टाकायची. दोन्हीकडून दीड-दीड इंच, सरळ पट्टी लावून. भोकं गेली, सुती दोरा गेला आणि काका म्हणतायत तो सिलिकॉनचा तेलकटपणाही गेला. नऊ फुटांतले चार-पाच इंच गेले तर काय बिघडतं?

मग नव्याने जोडताना जीन्सच्या पायाला असते तशी शिवण घाल. एका तुकड्याची कड अर्धा इंच बाहेर ठेवायची, पहिली टीप, मग बाहेरची कड आतल्या कडेवर दुमडून दाबायची आणि दुसरी टीप. सगळ्या उघड्या कडा आत जातात आणि ओढ दोन टिपांवर वाटली जाते. सुई नवी, ११ नंबरची, फार तर १४. टाका मोठा ठेव, इंचाला आठ-नऊच, बारीक टाके घातलेस तर पोस्टाच्या तिकिटासारखं फाटेल. कोटिंगची बाजू मशीनच्या फूटखाली (कापड दाबणारी पट्टी) चिकटते आणि कापड सरकत नाही, तेव्हा मध्ये वर्तमानपत्राची पट्टी घाल आणि शिवून झाल्यावर फाडून काढ.

रिंगा पातळ कापडावर टिकत नाहीत रे, त्या फ्लेक्सला. कोपऱ्याला त्याच कापडाची दोन पदरी ठिगळं लाव, त्यावर पाऊण इंची निवार पट्टीचा फास, चौकोन शिवून आत फुली मारायची. पट्टीची टोकं काडीने जरा वितळव म्हणजे सुटत नाहीत.

देशावरची

अवांतर होईल, पण आमच्याकडे आजोबा खळ्यावर झाकायला मांजरपाट वापरायचे. ताडपत्री मिळायची, पण त्यांना ती 'श्वास घेत नाही' म्हणून आवडायची नाही. कापड आधी साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून पिळायचे, मग तुरटीच्या पाण्यात, मग सावलीत वाळवायचे. साबण आणि तुरटी मिळून पाण्यात न विरघळणारा साका धाग्यांत बसतो, पाणी वरून घरंगळतं. पावडरने धुतलं की सगळं गेलं, परत करायचं. पण आतून बोट लावलं की तिथून पाझरायला लागतं म्हणून आम्हा पोरांना हात लावायची बंदी होती. नायलॉनला हे चालणार नाही, धागा सुतासारखं शोषत नाही ना.

घाटवाट

@देशावरची मस्त आठवण. मावळात भाताच्या लावणीला लोक डोक्यावर इरलं घेतात ते आठवलं, शिवण नाही, सीलर नाही, नुसती पानं एकावर एक.

रंगारी काका

ते पानांचंच तत्त्व लक्षात ठेव डोंगरखुळा. दुमडलेल्या शिवणीची एक कड उघडी असते, तिचं तोंड उताराच्या खालच्या बाजूला हवं, कौलं लावतात तसं. तोंड वर राहिलं की पन्हाळ तयार होतो, पाणी तिथेच थांबतं.

बाहेरच्या बाजूला कोटिंग नसेल तर तिथे मात्र सिलिकॉन चालेल, पण पातळ करून. मिनरल टर्पेंटाइन घ्यायचं, एक भाग सिलिकॉन, दोन ते तीन भाग टर्पेंटाइन, मधाइतकं वाहतं झालं की ब्रशने टाक्यांवर चोळायचं. आतमध्ये मुरलं तर धरतं. एनसी थिनर चुकूनही आणू नकोस, तो कोटिंगच खातो. गच्चीवर, उघड्यावर, उदबत्तीसुद्धा लांब. चोवीस तास वाळू दे, मग वरून टाल्कम पावडर भुरभुरव नाहीतर घडी स्वतःलाच चिकटून बसेल. आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघ, प्रत्येक कापड वेगळं.

आणि कापड तरी पाणी धरतंय का? पातेल्यावर तुकडा रबरबँडने बांध, मध्ये खळगा कर, पाणी ओत, रात्रभर ठेव. सकाळी पातेलं कोरडं हवं.

डोंगरखुळा

सगळ्यांचे खूप आभार, ताईंचे आणि काकांचे विशेष. दहा दिवसांनी लिहितोय कारण मधे मशीनचा पट्टा तुटला.

अहवाल असा. दोरा जाळला, राखच झाली. टाचण्या लावल्या होत्या, पंचवीसेक, आता ती प्रत्येक जागा उजेडात धरल्यावर ताऱ्यासारखी दिसते. पातेल्याच्या परीक्षेत कापड पास. मग कापायच्या आधी घाटवाट म्हणाले म्हणून गच्चीवर दोरी बांधून खाली कोरडे पेपर अंथरून पाइपने पाणी सोडलं (सेक्रेटरी काका वर येऊन विचारून गेले लग्न कोणाचं आहे). पेपरवर शिवणीखाली ठिपक्यांची रांग उमटली ती होतीच, पण दोरीच्या खाली दोन ठिकाणी चक्क डबकी झाली. म्हणजे मित्राच्या अंगावर जास्त पाणी दोरीचंच पडलं असणार. सुतळी बांधली, डबकी बंद. त्याला अजून सांगितलेलं नाही.

मग शिवण कापली. कात्री लावताना हात थरथरत होता हे कबूल करतो. पॉलिएस्टरचा दोरा, ११ ची सुई, चिमटे, पेपरची पट्टी, सगळं ताईंनी सांगितल्याप्रमाणे. पहिल्या दोन फुटांत टीप वाकडी गेली आहे, तिथे तोंड बंद करून बघा. कापून शिवून आता रुंदी सव्वानऊ फुटांच्या आसपास उरली. आतून रेनकोटची टेप मंद इस्त्रीने, मध्ये सुती रुमाल ठेवून. बाहेरून काकांचं पातळ सिलिकॉन, तुकड्यावर दोन दिवसांनी नखाने खरवडलं तरी निघालं नाही म्हणून लावलं. काल परत पाइप, अर्धा तास. मधली जोड कोरडी.

पण कोपऱ्याच्या ठिगळांच्या टाक्यांतून अजून ओल येतेय, चारपैकी दोन. तिथे चार पदर झालेत त्यामुळे टेप सपाट बसत नाही, बुडबुडे राहतात.

रीळबॉबिन

शाब्बास! वाकडी टीप राहू दे, पहिल्या रेनकोटचा माझा खिसा उलटा लागला होता.

कोपऱ्यांना टेप नको, तिथे पीयूचा सीलर बोटाने टाक्यांत चोळ, आतूनच. तसंही कोपरे उताराच्या टोकाला असतात, तिथलं पाणी अंगावर येत नाही. दोन का गळतायत ते मात्र बघ, ठिगळ लावताना परत टाचण्या वापरल्यास ना?

डोंगरखुळा

दोनच कोपऱ्यांना. चिमटे कमी पडले.