हिसुईयन झोरोआर्कचं सोंग स्टेल्थ रॉकमुळे उघडं पडतंय, मदत हवी आहे

पोकेमॉन स्कार्लेट हा गेम, ६ विरुद्ध ६ सिंगल्स (एका वेळी दोन्हीकडून एकेकच पोकेमॉन). झोरोआर्क हा पोकेमॉन संघातल्या शेवटच्या पोकेमॉनचं रूप घेतो, म्हणून शेवटच्या जागी किंगाम्बिट ठेवून झोरोआर्क त्याच्या रूपात उतरवतो. समोरचा हमखास क्लोज कॉम्बॅट (किंगाम्बिटला भारी पडणारा फायटिंग प्रकारचा हल्ला) मारतो, झोरोआर्क घोस्ट प्रकारचा असल्यामुळे ते लागतच नाही, आणि त्याच चालीत माझा नॅस्टी प्लॉट (स्पेशल हल्ल्यांची ताकद वाढवणारी चाल) होऊन जातो. मग हायपर व्हॉइस, शॅडो बॉल हे हल्ले.

पण मैदानात स्टेल्थ रॉक (उतरणाऱ्या पोकेमॉनला लागणारे दगड) असले की पंचाईत: किंगाम्बिटला ६.२५ टक्के लागायला हवं तिथे १२.५ टक्के जातं. जाणत्या खेळाडूला एवढं पुरतं! दोघांनाही हेवी ड्युटी बूट्स (दगड लागू न देणारी वस्तू) देऊन पाहिले, पण मग ताकद वाढवणारी वस्तू देता येत नाही आणि किंगाम्बिटचा मार बोथट होतो. रॉक उडवणारा सातवा गडी कुठून आणू?

टेरा (लढतीत एकदाच पोकेमॉनचा प्रकार बदलायची सोय) दुसऱ्यासाठी राखलाय. फायटिंग हल्ला ओढून घेईल, रॉकचं नुकसानही १२.५ टक्केच घेईल आणि स्वतःही आक्रमक असेल, असा कोणता पोकेमॉन शेवटी ठेवू?