ताजी गोड कणसं: २६ आहेत, ज्योत नाही, ग्रिल नाही. काय काय करू?

पाऊलवाट, न्यू जर्सी
नमस्कार मंडळी. आज सकाळी शेतावरच्या स्टॉलवरून दोन डझन मक्याची कणसं आणली. तिथे डझनाला तेरा देतात, म्हणजे २६. पिवळे-पांढरे दाणे एकत्र असलेली, पहाटे तोडलेली, वरची पानं अजून गार लागत होती. जर्सीचा मका असा ताजा मिळतो तो जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, त्यामुळे हात आवरला नाही.

आता अडचणी. शेगडी विजेच्या कॉइलची आहे, ज्योत नाही. बाल्कनीत ग्रिल लावायला बंदी. आणि नाशिकहून बाबा आलेत. त्यांचा मका जीव की प्राण, पण दोन वर्षांपासून कवळी आहे. कणीस दातांनी तोडता येत नाही, आणि सुटे दाणे दिले तर साल कवळीखाली अडकून टोचते. काल त्यांनी चार दाणे खाऊन वाटी बाजूला ठेवली, ते काही डोळ्यांसमोरून जात नाही.

नवीन उपकरण घ्यायचं नाही. किरकोळ काही लागलं तर १५ डॉलरपर्यंत. काय करू, आणि उरलेली कशी साठवू?

निखारा, डॅलस
कणीस म्हणजे निखारे. दुसरा मार्गच नाही. मी गेल्या उन्हाळ्यात मोठं पेलेट ग्रिल (लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारं) घेतलं, साधारण ९०० डॉलर पडले, पण तेव्हापासून घरात कोणी उकडलेल्या कणसाचं नाव काढत नाही. पानांसकट अर्धा तास पाण्यात बुडवायची, मग १५-२० मिनिटं झाकण लावून. शेवटी पानं मागे ओढून दोन मिनिटं थेट जाळावर. वर लिंबू, तिखट, मीठ. एकदा घेऊन टाका, दहा वर्षं बघायला नको.

पाऊलवाट
निखारा, बाल्कनीत बंदी आहे हो. आणि बजेट १५ डॉलर!

कोथरूडची काकू
अगं, मूळ प्रश्नच चुकतोय. गोड मका म्हणजे मका नव्हे. सिंहगडावर पावसात शेगडीवर भाजलेलं देशी कणीस खाल्लंयस ना? तो चिवट दाणा, तो करपलेला वास! या गोड मक्याला नुसती साखर असते, चवच नाही. इथे पुण्यातही आता सगळीकडे तोच पिवळाधमक मका. देशी कणीस माग म्हटलं तर भाजीवाला माझ्याकडेच बघत बसतो.

शेतमाती, संगमनेर
काकू, देशी मका कमी झाला कारण गोड मक्याला गिऱ्हाईक आहे. मी चार वर्षं शुगर ७५ ही गोड मक्याची जात लावतोय. चव नसते असं म्हणू नका, चव वेळेवर असते. कणसाला केस आल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी तोडायचं. नखाने दाणा फोडला की दुधासारखा चीक उडाला पाहिजे. पाणी निघालं तर कोवळं, लापशी निघाली तर गेलं. हुरड्याचं जसं असतं तसंच, चार दिवस इकडे तिकडे झाले की संपलं.

ताई, एक लक्षात ठेवा. तोडल्यापासून साखरेचं पिठूळ व्हायला लागतं. जुन्या जातीचा मका उन्हात ठेवला तर दिवसभरात निम्मी गोडी जाते. म्हणून पानांसकट लगेच फ्रीजमध्ये टाका. पानं सोलून ठेवू नका, दाणे सुकतात. आणि आपण नख लावलेलं कणीस परत ढिगात ठेवू नये. पानांवरूनच शेंडा चाचपायचा, बोटाला टोकापर्यंत दाणा भरीव लागला पाहिजे.

अभ्यासू
शेतमातींचं बरोबर आहे, फक्त सुपरस्वीट जातींत हे फार हळू होतं. इलिनॉय विद्यापीठातले जॉन लाफनन यांनी १९५३ साली ज्या जनुकावर लिहिलं, त्यातून या जाती आल्या. त्या फ्रीजमध्ये आठवडाभरही गोड राहतात. पण त्यांची साल जरा जाड असते. तुमच्या बाबांना कदाचित हीच साल टोचत असेल. स्टॉलवाल्याला जात विचारा. सिल्व्हर क्वीन हा पांढरा मका मिळाला तर बघा. तो जुन्या पद्धतीचा आहे, साल नाजूक, पण त्याच दिवशी खावा लागतो.

ओहायोची मावशी
मायक्रोवेव्ह! कोणीच कसं बोललं नाही? सोलायचं नाही, धुवायचं नाही. एक कणीस पानांसकट ४ मिनिटं. बाहेर काढून बुडाकडून, जिथे सर्वात रुंद आहे तिथे दाण्यांच्या एका रांगेसकट कापायचं. मग शेंड्याला फडक्याने धरून वरून दाबत झटकलं की कणीस सुळकन खाली येतं, केस सगळे पानांतच राहतात. ३१ वर्षं इथे आहे, कणसाचे केस निवडत बसण्यात अर्धा जन्म गेला होता. वाफेने हात भाजतो, फडकं विसरू नका.

डोंगरवाट
मला भाजलेलंच हवं होतं म्हणून ओव्हनच्या वरच्या जाळीवर ब्रॉइलखाली, म्हणजे वरून येणाऱ्या कडक आचेखाली, कणसं ठेवली. शेंड्याचे सुके केस पेटले, धुराचा अलार्म वाजला, सगळी इमारत खाली रस्त्यावर, रात्री पावणेदहाला. केस आणि शेंडे कापल्याशिवाय कोणीही ब्रॉइल लावू नका. आणि सोललेलं कणीस कोरड्या तव्यावर ठेवलं तर दाणे फटाफट फुटून अंगावर उडतात. माझ्या मनगटावर अजून डाग आहे.

सुगरण ७४
एवढी चर्चा कशाला? उकळत्या पाण्यात ३ मिनिटं, बास. पण पाण्यात मीठ घालायचं नाही, दाणे टणक होतात. माझी आई नेहमी सांगायची.

अभ्यासू
मिठाने दाणे टणक होत नाहीत. मी एकाच वेळी दोन पातेली लावून बघितलंय, डोळे मिटून खाल्लं तरी फरक कळला नाही. टणक होतात ते जास्त वेळ उकळल्याने.

सुगरण ७४
तुम्ही दोन पातेली लावलीत, आमच्या घरात चाळीस वर्षं कणसं उकडली. मीठ नंतरच.

कोथरूडची काकू
मीठ नंतरच. अनुमोदन. आणि कुकरला एक शिट्टी. ३ मिनिटांत कसलं शिजतंय?

शेतमाती, संगमनेर
ताजं असेल तर ३ मिनिटंसुद्धा जास्त. आम्ही बांधावर कच्चंच खातो.

राजवाडा, इंदूर
पाऊलवाट, कवळी आहे म्हणताय तर कीस करा. आमच्याकडे सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, कढई भरून असतो. कणीस किसणीवर किसलं की गर आणि दूध खाली येतं, साल बरीचशी दांड्यालाच राहते. तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, त्यात कीस घालून मंद आचेवर परतायचं. तूप सुटेपर्यंत थांबायचं, घाई केली तर कच्चट लागतो. वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबू. मूळ कृतीत दूध असतं, पण ते देशी मक्यासाठी. गोड मक्याला स्वतःचंच पाणी इतकं सुटतं की दूध घातलंत तर खीर होईल. साखर तर अजिबात नको.

माळव्याची लेक
दूध हवंच! दुधाशिवाय कीस म्हणजे मक्याचा उपमा. गोड मका असेल तर चमचाभर बेसन भाजून घाला, पण दूध सोडू नका.

राजवाडा, इंदूर
बेसन घातलं की ते पिठलं झालं. तुम्ही इंदुरात कुठल्या भागात राहायचात?

माळव्याची लेक
रामबाग. आणि माझ्या सासूबाई कीस करायच्या तेव्हा वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

निखारा, डॅलस
इथे टेक्सासमध्ये एलोते खाऊन बघा एकदा. भाजलेल्या कणसाला मेयोनीज, चुरलेलं कोतिहा चीज, तिखट, लिंबू. आपल्या चौपाटीच्या कणसाचा चुलतभाऊच. पण निखाऱ्यावरचं हवं.

बरणी
कोणीतरी साठवणीचं पण सांगा म्हणून लिहिते. कणसं ४ ते ५ मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात, पुसून कोरडी करायची. मग सुरीने दाणे उतरवून ताटात एकेरी पसरून गोठवायचे, आणि नंतर पिशवीत. आधी पिशवीत भरले तर दगड होतो. मागच्या वर्षी मी हे पाण्यातून काढणं टाळलं आणि जानेवारीत सगळे दाणे गवतासारखे लागले, चाळीस कणसांची मेहनत कचऱ्यात गेली. उरलेले दांडे फेकू नका, पाऊण तास उकळले की सारासाठी सुंदर गोडसर पाणी मिळतं.

नवखा
मायक्रोवेव्हमध्ये ४ मिनिटं ठेवा, केस आपोआप निघतात. कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो.

ओहायोची मावशी
मी सांगितलं बाळा, वर बघ.

शेतमाती, संगमनेर
केसांवरून एक सांगतो. प्रत्येक केस एका दाण्याचा असतो. त्या केसावर पराग पडला तर दाणा भरतो, नाही तर जागा रिकामी. कणसात दात पडल्यासारख्या फटी दिसतात ना, ते हेच. अळी शेंड्याकडून शिरते, तेवढा भाग कापला की बाकी खाण्यालायक असतो. स्टॉलवाल्यावर रागावू नका.

पाऊलवाट
सगळ्यांचे खूप आभार. काल संध्याकाळी काय झालं ते सांगते.

कीसच करणार होते. बाबा म्हणाले, किसणी नको, सुरी दे. त्यांनी कणीस ताटात उभं धरलं, दाण्यांच्या प्रत्येक रांगेवरून सुरीची धार ओढून मधोमध चीर दिली, आणि मग सुरीची पाठ वरून खाली दाबत नेली. दाट पांढरा चीक आणि गर ताटात उतरला आणि साल जवळपास सगळी दांड्यालाच राहिली, मधमाश्यांच्या रिकाम्या पोळ्यासारखी. सहा कणसांचे दोन वाट्या झाले. हे कुठे शिकलात विचारलं तर म्हणाले, कवळी बसवल्यावर स्वतःच शोधून काढलं, तुला फोनवर काय सांगायचं.

मी कढई ठेवली होती, पण ओट्यावर कणसाच्या हिरव्यागार पानांचा ढीग पडला होता, आणि मला आमची रत्नागिरीची आजी आठवली. ती केळीच्या पानात पानगी करायची. केळीचं पान इथे कुठून आणू? म्हणून आतली कोवळी रुंद पानं धुऊन पुसली, दोन-दोन एकमेकांवर चढवून ठेवली, तुपाचं बोट फिरवलं आणि त्यावर पानगी थापली. कॉइलच्या शेगडीवर, साध्या तव्यावर.

पान उलगडलं तेव्हा पानगीवर शिरांच्या बारीक रेघा उमटल्या होत्या आणि भाजलेल्या कणसाचा वास आला. काकू, तोच, करपलेला. बाबांनी लोणी लावून पाच खाल्ल्या. पाचव्यानंतर विचारलं, उद्या किती कणसं शिल्लक आहेत?

१५ डॉलरमधला एकही खर्च झाला नाही. आठ कणसं बरणीच्या पद्धतीने गोठवली, दांडे आता गॅलनभर पाण्यात उकळताहेत.

माळव्याची लेक
अगं सुरेख! पण प्रमाण सांग ना. पीठ कुठलं?

पाऊलवाट
दोन वाट्या गराला साधारण पाऊण वाटी तांदळाचं पीठ. गर पातळ असेल तर एखादा चमचा जास्त, उलथन्यावरून सावकाश घसरेल इतपत दाट. मीठ, जिरं, एक हिरवी मिरची, कोथिंबीर. पातळ पसरायची, वरून दुसरं पान, तव्यावर झाकण. मध्यम आचेवर एका बाजूने ६ मिनिटं, दुसऱ्या बाजूने ४. पानावर तपकिरी डाग आले आणि पान चिकटल्याशिवाय सुटलं की झाली. घाईने उलगडलं तर तुटते, माझी पहिली तुटली.

कोथरूडची काकू
मीठ किती वेळ आधी घातलंस?