‘एम्प्टी’ ॲरेला मराठीत रिकामा म्हणायचं का?

बारावीच्या मुलांना पायथन शिकवतेय, नोट्स मराठीत काढतेय आणि नम्पायपाशी (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) अडलेय. ॲरेला (ओळीने घरं, प्रत्येक घरात एक आकडा) ॲरेच ठेवलंय, कारण सारणी म्हटलं की पोरांना वारंवारता सारणी आठवते. झीरोज म्हणजे शून्यांनी भरलेला, वन्स म्हणजे एकांनी भरलेला, फुल म्हणजे आपण सांगू त्या आकड्याने भरलेला, इथवर ठीक. एम्प्टीला ‘रिकामा ॲरे’ लिहिलं, वर्गात पाच घरांचा करून दाखवला तर स्क्रीनवर पाच शून्यं. एक पोरगा म्हणाला, मॅडम हे तर झीरोजच की! परत चालवलं तर ६.९ई-३१० असलं काहीतरी (शून्याच्या अगदी जवळचा विचित्र आकडा) आलं, मग मी गप्प. ‘कोरा’ म्हणू का?

— कोरा अजिबात नको ताई. कोरा कागद म्हणजे ज्यावर कुणी काही लिहिलेलंच नाही. इथे मेमरीत आधीच्या कामाचं जे काय पडलंय ते तसंच राहतं, एम्प्टी फक्त जागा धरून ठेवतं, पुसत नाही. कधी तिथे शून्यं असतात कधी कचरा, नशिबाचा भाग. मी एकदा बेरजा साठवायला एम्प्टी घेतलेला, माझ्या मशीनवर आठवडाभर उत्तरं बरोबर आणि दुसऱ्याच्या मशीनवर अगडबंब आकडे, दोन दिवस गेले त्यात.

— मला तर रिकामा चालेल वाटतं. भाडेकरू गेला की खोली रिकामी झाली म्हणतोच ना आपण, भिंतीवर त्याचं कॅलेंडर लटकत असलं तरी.

— खोलीचं उदाहरण भारी आहे दादा, पण मग ज्यात एकही घर नाही, लांबीच ०, त्या ॲरेला काय म्हणणार? खरा रिकामा तो. ‘रिकामा’ त्याच्यासाठी राखून ठेवा, एम्प्टीला सरळ ‘न पुसलेला’ म्हणा, न पुसलेल्या पाटीसारखा.

— आणि इनिशियलाइझला प्लीज ‘आरंभीकरण’ नको, सरकारी परिपत्रक वाटतं. ‘सुरुवातीची किंमत भरणे’ म्हणा, चलाची किंमत तर पोरं शाळेपासून म्हणतात.

— ‘न पुसलेला’ पटलं, तेच लिहिलं. आज वर्गात तोच पोरगा विचारतो, मॅडम मग पुसूनच का नाही देत?

— पुसायला वेळ लागतो म्हणून. प्रत्येक घरात आपण लगेच काहीतरी लिहिणारच असू तर आधी शून्यं मांडायची कशाला, दहा लाख घरं असली की फरक पडतो. लिहायचं एक जरी घर राहिलं तर मात्र तिथे जुनंच वाचाल.

— जाता जाता, सारख्या अंतराने आकडे मांडणाऱ्या अरेंज आणि लिनस्पेसचं काय केलंत? आमच्याकडे रोपं लावताना ‘दर दीड फुटाला एक’ म्हणतात किंवा ‘या ओळीत वीस बसवा’ म्हणतात. पहिलं अरेंज, दुसरं लिनस्पेस. अरेंजला पायरी ०.१ अशी अपूर्णांकात दिली तर शेवटी एखादं रोप जास्तीचं येऊ शकतं, १ पासून १.३ पर्यंत करून बघा, अरेंज शेवटचा आकडा धरत नाही म्हणून तीन यायला हवेत, येतात चार.