आई-बाबांच्या मेडिक्लेमचं रिन्युअल आलंय, २० टक्के को-पे नवीन घातलाय, काय करू?

राजारामपुरी_७वी_गल्ली:
नमस्कार मंडळी. बाबा ७१, आई ६६. दोघांची मिळून ५ लाखाची पॉलिसी, नऊ वर्षं झाली, एकदाही खंड नाही. बाबांना शुगर-बीपी, दोन वर्षांमागं अँजिओप्लास्टी झाली तेव्हा क्लेम नीट मिळाला म्हणून मी निर्धास्त होतो. आता रिन्युअलचं पत्र आलंय, हप्ता वाढलेला पहिल्याच पानावर दिसतोय, पण काल रात्री बाबाच चष्मा लावून सगळी पानं वाचत बसले आणि चौथ्या पानावर बोट ठेवून मला म्हणाले हे बघ, बारीक अक्षरात, साठीच्या पुढं प्रत्येक क्लेमला २० टक्के आपण भरायचे, हाच तो को-पे. एजंट म्हणतोय सगळीकडं असंच हाय, भरून टाका. तारखेला अजून दोन महिने आहेत. पोर्ट करू का, म्हणजे दुसऱ्या कंपनीत नेऊ का? बाबा म्हणालेत बंदच करून टाक, उगच तुझ्यावर बोजा. ते ऐकल्यापासून झोप नाही.

बावडेकर:
भावा बंद अजिबात करू नको. नऊ वर्षांत बाबांचे सगळे वेटिंग पिरियड, म्हणजे जुन्या आजारांना क्लेम मिळत न्हाई तो सुरुवातीचा काळ, संपलेत, बंद केलीस तर ही नऊ वर्षं परत मिळणार न्हाईत. शिवाय ५ वर्षं सलग झाली की फसवणूक सोडली तर माहिती लपवली म्हणून कंपनी क्लेम अडवू शकत नाही, आधी हे ८ वर्षं होतं, २०२४ ला कमी केलं. पोर्टचा अर्ज तारखेच्या निदान ४५ दिवस आधी द्यायला लागतो, म्हणजे तुझ्याकडं पंधराच दिवस हाईत. आणि अँजिओप्लास्टी बघून नवी कंपनी नाही म्हणू शकते, त्यामुळं तिकडनं लेखी होकार येईपर्यंत जुनी सोडायची न्हाई. पोर्ट करताना रक्कम वाढवलीस तर वाढीव रकमेला वेटिंग नव्यानं लागतं, हे एजंट सांगत न्हाईत. कंपनीला मेल टाकून विचार, जास्त हप्ता भरून को-पे काढता येतो का, काही ठिकाणी येतो.

मंगळवारपेठ_ताई:
को-पे बघितलात तसं रूम लिमिट पण बघा हो. आमच्या मामंजींच्या वेळी तेच नडलं. ५ लाखावर १ टक्का म्हणजे दिवसाला ५००० ची रूम, आम्ही ७००० ची घेतली, वाटलं वरचे २००० आपण देऊ. तसं नसतंय. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळं त्याच प्रमाणात कापलं, १ लाख ४० हजारातले १ लाखच मंजूर, औषधं आणि स्टेंट तेवढे कापत नाहीत. डिस्चार्जच्या काउंटरला मिस्टर हातात फाईल घेऊन नुसते उभे राहिलेले, ते मी विसरणार नाही. मोतीबिंदूची मर्यादा पण बघून घ्या, या वयात तेच लागतं.

रंकाळा_पहाट:
हप्त्यावर जीएसटी लावलाय का बघा, वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे. आणि साठीच्या वरच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांच्या वर न्यायचा असेल तर कंपनीनं आधी आयआरडीएआयशी, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाशी, बोलायला लागतं, जानेवारी २०२५ चा आदेश आहे, मेलमध्ये तेही विचारा. उत्तर नाही आलं तर तक्रारीला बीमा भरोसा पोर्टल, तिथंही नाही झालं तर पुण्याचे विमा लोकपाल.
बाबांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, सरकारी मोफत उपचाराचं, काढलंत का? ७० पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाख. खासगी पॉलिसी असली तरी चालतं. आधारवरचं वय धरतात. फक्त यादीतल्याच हॉस्पिटलात चालतं, त्यामुळं बाबांचे हार्टचे डॉक्टर जिथं बसतात ते यादीत आहे का ते आजच विचारून ठेवा, रात्री दोनला छातीत दुखायला लागल्यावर कोण यादी बघणार. आईंना अजून चार वर्षं आहेत, पण रेशन कार्डावर महात्मा फुले योजना आहे.

राजारामपुरी_७वी_गल्ली:
ताई, रूम लिमिट आमच्यातही १ टक्काच आहे, नऊ वर्षं माहितीच नव्हतं. जीएसटी लावलेला नाही. को-पे काढायचा मेल आत्ताच टाकला, पोर्टचा अर्जही सोमवारी देतोय, जुनी चालूच ठेवून. बाबांना बावडेकरांचं उत्तर वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत, आधार कार्ड तेवढं कपाटातनं काढून टेबलावर ठेवलंय. उद्या सकाळी कार्डाला जातोय दोघं.