वाड्याची गाडी 🚐 (फक्त सोफ्याच्या कापडाबद्दल बोला)

गुरुवार

शुभा, ८:१२: सुप्रभात. काल रात्री अकरा ते साडेबारा इथे ४७ फोटो आलेत. त्यातले ९ सोफ्याचे. बाकी दिवे, फळ्या, बर्फात उभी असलेली कुठलीतरी परदेशी गाडी आणि एक कुत्रा. आपल्या मोटारघराच्या, म्हणजे राहायच्या-झोपायच्या गाडीच्या, सोफ्याचं कापड कुशनवाला उद्या सकाळी दहाला कापायला बसणार आहे. चौदा मीटर कापड आहे, कात्री लागली की दुकानदार परत घेत नाही. आज संध्याकाळी सातपर्यंत काय ते ठरवा. नंतर "आम्हाला कुणी विचारलंच नाही" हे चालणार नाही. कुणा एकाला उद्देशून नाही 🙏

नंदाआत्या: मलाच उद्देशून आहे, कळतंय. असो. रंग कुठलाही घ्या. कव्हरला चेन लावा. काढता आलं पाहिजे.

अशोकमामा: सुप्रभात 🌹 घरात बसला तो राहिला, गाडीत बसला तो गेला. मग मोटारघरात बसणारा नक्की राहिला की गेला?

बापूकाका: मामा, सकाळी सकाळी गेला-बिला नको.

प्रसाद: मी काल पीडीएफ टाकली होती. कुणी उघडली का? आतली जागा जेमतेम एका खोलीएवढी. त्यात लाकूड वेगळं, सोफा वेगळा, पडदे वेगळे केले तर कबाडखाना दिसेल. छत आणि वरची कपाटं ऑफव्हाइट, सोफा ग्रे, उशा मोहरी पिवळ्या. तीन रंग, बास. फिके रंग वर आणि गडद खाली घेतले की जागा मोठी वाटते.

बापूकाका: पीडीएफ उघडंना. माझ्या मोबाईलला जागा न्हाई, अशोकचे गुलाब भरलेत.

उमेशराव (इचलकरंजी): नमस्कार मंडळी. ग्रे पाहिजे असेल तर उद्याच्या उद्या टेम्पोत टाकतो. चांगलं जाड सुती आहे, ६३ इंच पन्हा. घरचंच काम, पैशाचं बघू नका.

प्रसाद: वा! शेड कुठली आहे? फोटो पाठवता का?

उमेशराव: शेड कसली? ग्रे म्हणजे कोरं. मागावरून उतरलेलं. ब्लीच नाही, डाइंग नाही, खळ पण तशीच.

प्रसाद: उमेशराव, मी राखाडी रंगाबद्दल बोलतोय.

उमेशराव: मग राखाडी म्हणा ना. आमच्या गावात ग्रे म्हटलं की तागे सुटतात.

अशोकमामा: 😂😂 पुण्यात ग्रे घालतात, इचलकरंजीत ग्रे विणतात

नंदाआत्या: जावयांची थट्टा नको. ते मदत करतायत. काही जण नुसत्या पीडीएफ करतायत. चेनचं लक्षात ठेवा.

बापूकाका: माझं ऐका. रेक्झिन घाला. एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली. वांती होऊ दे, उसाचा रस सांडू दे, फडकं मारलं की साफ. कापडात गेलेली वांती जत्रा संपली तरी जात न्हाई.

शुभा: बापूकाका, लोक नाश्ता करतायत.

नंदाआत्या: रेक्झिनवर एप्रिलमध्ये झोपून दाखव. पाठ सोलून निघते. घाम शोषत नाही. आणि हा सोफा नाही नुसता, टेबल खाली केलं की पलंग होतो. आई त्यावर झोपणार आहे.

प्रसाद: बापूकाकांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. ड्रायव्हरची आणि शेजारची सीट रेक्झिनमध्ये घेऊ. मागे कापड.

बापूकाका: अर्धा बरोबर म्हणे. आणि तुझ्या त्या फोटोत ड्रायव्हरसमोरचा डॅश पांढरा दाखवलाय, तो पुसून टाक. पांढरा डॅश उन्हात समोरच्या काचेत दिसतो. रस्ता बघायचा का डॅशची सावली? पुढं सगळं काळं नायतर गडद, आणि चकाकी नको. रात्रीचं पण तेच. मागं दिवा लावला की काचेत आपलंच तोंड दिसतं. म्हणून रातराणी एसटीचा ड्रायव्हर मागचे दिवे घालवा म्हणून ओरडतो. ड्रायव्हरच्या पाठीमागं एक जाड पडदा पायजे. हे पीडीएफात हाय का?

प्रसाद: नाही. बदलतो.

अशोकमामांनी ग्रुपचा फोटो बदलला

शुभा: मामा, ग्रुपच्या फोटोत लाल एसटी का?

अशोकमामा: बापूंच्या सन्मानार्थ. आपली पण बाहेरून लाल करू या का? शोभून दिसेल.

बापूकाका: बाहेरचा रंग बदलला की आरसीवर नोंद आली. आरटीओत मी जाणार न्हाई. पासिंगच्या वेळी दोन महिने मीच गेलोय, कुणी विचारलं पण न्हाई.

शुभा: विचारलं होतं. असो. मला वैयक्तिक क्रीम आवडतं. उजळ वाटतं.

नंदाआत्या: क्रीम? आणि त्याच सोफ्यावर बसून आमटी-भात खाणार? सांगलीत राहून क्रीम सोफा. हळदीचं गाव आहे हे, काश्मीर नाही.

शुभा: डाग पडला तर धुवायचा, आत्या.

नंदाआत्या: धुऊन बघ. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो. लोक घाबरून आणखी घासतात. तो डाग जातो उन्हात. ओलं करून दिवसभर उन्हात टाकायचं, संध्याकाळपर्यंत निम्मा उडतो. पण उन्हात काय टाकणार? अख्खी गाडी उलटी करून टाकणार का? म्हणून म्हणते, चेन लावा. काढता आलं पाहिजे.

अशोकमामा: 👏 आत्यांनी गोल केला

शुभा: बरोबर आहे. हे मान्य.

नंदाआत्या: आज मान्य. तेव्हा वाड्यात कुणाला मान्य नव्हतं. माझा सोफा होता, टाके मारून बंद केलेला. २०१९ च्या पुरात तळमजल्यावर भिजला. कव्हर निघत नव्हतं, आतला फोम पंधरा दिवसांनी पिळला तरी चिखलाचं पाणी. टाकून दिला. वर न्यायला चार माणसं मिळाली नाहीत.

बापूकाका: नंदे, परत पूर?

नंदाआत्या: परत पूर म्हणजे? सोफा परत आला का?

विनू: आत्या, मी गॅरेजमध्ये होतो, आत्ता वाचलं. त्या रात्री आम्ही तिघंजण आजीला खुर्चीसकट जिन्यावरून वर नेत होतो. तिच्यानंतर फ्रीज. सोफ्याचा नंबर यायच्या आत पाणी आलं. मी हे सहा वर्षांत बोललो नाही.

नंदाआत्या: [हा मेसेज डिलीट करण्यात आला]

प्रसाद: 🙏

अशोकमामा: चहा झाला का सगळ्यांचा?

१२:४०

विनू: कापडाबद्दल. काल हरभट रोडवरून सात तुकडे आणलेत. आत्ता गाडीत आहे, माधवनगर रोडच्या गॅरेजात, दारं उघडी, बाहेर कडक ऊन. तुकडे सीटवर टाचण्यांनी लावलेत आणि नंबर टाकलेत. प्रसादचा ग्रे म्हणजे नंबर ४. दुकानात ट्यूबखाली मस्त दिसला. इथे खिडकीजवळ थोडा निळसर. आणि आतली पिवळी एलईडी पट्टी लावून सीटखालच्या कोपऱ्यात धरला तर चक्क जांभळा. वांग्याच्या सालीसारखा.

प्रसाद: फोटोत नाही कळत.

विनू: फोटोत नाहीच कळणार, मोबाईल रंग सुधारतो. ही पट्टी कुणी ऑनलाइन मागवली होती?

प्रसाद: मीच. वॉर्म लाइट हवा होता ना.

विनू: तेच. गाडी जास्त करून संध्याकाळनंतर वापरणार, तेव्हा पट्टीखालीच बघायला हवा. रात्री दारं लावून परत बघतो.

सई: विनूकाका, चौकडी घ्या ना! निळी-पांढरी. गोड दिसेल.

विनू: सई, कुशनवाला म्हणतो चौकडी असेल तर प्रत्येक गादीला चौकोन जुळवावे लागतात. त्यात दीड-दोन मीटर वाया. नाही जुळवले तर तिरकं दिसतं आणि आयुष्यभर नजर तिथेच जाते.

सई: मग उशा चौकडीच्या?

शुभा: चालेल. उशा सईच्या.

प्रसाद: आत्ता आमच्या तीन रंगांचं काय?

बापूकाका: तीन रंग म्हणणाऱ्याची कॉन्ट्री अजून दोन हप्ते बाकी हाय. आधी ती भरा, मग रंग भरा.

प्रसाद: महिन्याच्या सुरुवातीला देतो म्हटलंय. ग्रुपवर काढायची गरज नव्हती.

उमेशराव: मंडळी, एक सांगू का? सुती घेणार असाल तर शिवायच्या आधी पाण्यातून काढून वाळवून घ्या. सुती आटतं. चेन लावून कव्हर काढाल, धुवाल, आणि मग घालताना चेन बसणारच नाही. पडद्यांना मात्र सुतीच बरं, मागे अस्तर लावून. पडदे माझ्याकडून. हे ग्रे नाही, रंगवलेलं देतो.

नंदाआत्या: ऐका जावयांचं.

प्रसाद: खिडक्यांना फिल्म लावली तर पडद्यांचा व्यापच नाही.

बापूकाका: २०१२ ला सुप्रीम कोर्टानं काळी फिल्म बंद केली. पहिल्याच नाक्यावर पोलीस पावती फाडंल, फिल्म पण तिथंच सोलायला लावंल. पडदेच. आणि पडद्याची पट्टी वर पण आणि खाली पण लावा. नुसती वर लावली की घाटात पडदे झोके खातात.

विनू: गॅसच्या शेगडीजवळची खिडकी?

बापूकाका: तिथं पडदा न्हाई. कुठलाच. प्रत्येक तुकड्याची एक चिंधी चिमट्यात धर आणि काडी लाव. कागद जळल्यागत वास आला आणि राख झाली की सुती. वितळून काळा टणक मणी झाला की पॉलिस्टर. तो मणी गरम असताना कातडीला चिकटतो. बाहेर उघड्यावर कर. रेक्झिनला काडी लावू नको, धूर वाईट असतो.

अशोकमामा: म्हणजे रेक्झिन बाद? बापू, स्वतःच्याच संघाविरुद्ध गोल 😄

बापूकाका: पुढच्या दोन सीटला रेक्झिन राहील. म्हटलं ना.

विनू: केलं. १, ४ आणि ५ मणी. २ आणि ७ राख. ३ आणि ६ मिश्र, थोडी राख थोडा गोळा. शेजारच्या गॅरेजवाल्याने विचारलं काय होम चाललाय.

आजी (सई टाइप करतेय): माझी वाकळ गाडीत घ्या. नव्या कापडावर मला झोप लागत नाही.

प्रसाद: आजी, नक्की घेऊ. पण दिवसा आत कपाटात ठेवू या का? थीममध्ये बसत नाही जरा.

(दहा मिनिटं कुणाचाच मेसेज नाही)

आजी (सई टाइप करतेय): थीम कोण?

अशोकमामा: 😂😂😂😂

शुभा: आजी, वाकळ सोफ्यावरच राहील. कपाटात नाही. मी आत्ताच बघितली. एक हिरवं लुगडं आहे, एक चॉकलेटी, मध्ये जांभळ्या काठाचा तुकडा. खालच्या बाजूला टाके उसवलेत, ते तुम्हीच घाला, मला तसे धावदोऱ्याचे टाके येत नाहीत.

आजी (सई टाइप करतेय): चष्मा आणा. दोरा पांढराच घ्या, जाड.

नंदाआत्या: ते चॉकलेटी आईचं. माझ्या बारशाचं.

रात्री ८:५५

विनू: सात वाजून गेले हे माहीत आहे. दारं लावून, पट्टी लावून परत बघितलं. क्रीम १ पिवळं पडतंय, आजारी दिसतंय. ४ जांभळं, सांगितलंच. ७ सुंदर आहे पण नखाने ओढलं तर धागा वर येतो. ६ मातकट, काळसर चॉकलेटी आणि राखाडीच्या मधला. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा तोच दिसतो. महाबळेश्वराकडची तांबडी माती लावून बघितली, बुटाला होती तीच. झटकली, दिसत नाही. मिश्र आहे त्यामुळे फार आटणार नाही, तरी पाण्यातून काढतो. वाकळ त्यावर टाकून बघितली. बरी दिसते.

शुभा: ६.

बापूकाका: ६. खाली फोम ४० डेन्सिटीचा घ्या, स्वस्तात ३२ नको. चार महिन्यांत खड्डा पडतो.

उमेशराव: ६. पडद्यांना त्याहून दोन शेड फिकं पाठवतो.

प्रसाद: छत ऑफव्हाइट असेल तर ६ ला माझी हरकत नाही.

अशोकमामा: मला मत आहे का?

शुभा: नाही मामा 🙏

अशोकमामा: ६.

सई: ६!! आणि चौकडी उशा.

नंदाआत्या: विनू, ते दुपारी मी जे लिहून काढून टाकलं ते तू वाचलंस का?

विनू: वाचलं आत्या. राहू दे.

नंदाआत्या: बरं. ६. चेन लावायला सांगितलीस का?

विनू: सांगितली. गादीच्या मागच्या बाजूला, तिन्ही कडांनी, म्हणजे बसताना टोचणार नाही. कुशनवाला विचारतोय चेन पितळी की प्लास्टिकची. आत्या, तुम्ही सांगा. बाकी कुणी बोलू नका.

प्रसाद: खरं तर व्हेल्क्रो

शुभा: प्रसाद.