हेक्टर गार्सिया-मोलिना यांचं काय वाचू?

माटुंगाकर:
आमच्या डीबीएमएसच्या, म्हणजे डेटाबेस विषयाच्या मॅडम एक नाव सारखं घ्यायच्या, हेक्टर गार्सिया-मोलिना, स्टॅनफर्डचे प्रोफेसर, 2019 मध्ये गेले. तेव्हा उलमन आणि विडमसोबतचं त्यांचं जाडजूड पुस्तक परीक्षेपुरतं बघितलं, ते पण झेरॉक्स. आता नोकरीत डेटाबेसशीच झगडतोय, तर सुरुवात कुठून करू?

अंधेरी_फास्ट:
सागाज वाच!! 1987 चा पेपर, केनेथ सेलमसोबत. मोठं ट्रान्झॅक्शन (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही असं डेटाबेसमधलं काम) तासन्‌तास लॉक धरून, म्हणजे डेटा अडवून बसलं की बाकीचे खोळंबतात, म्हणून त्याचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा लगेच कमिट, म्हणजे पक्का करायचा आणि प्रत्येकाला त्याचं काम रद्द करणारा एक उलटा तुकडा तयार ठेवायचा. म्हणजे गोव्याचं तिकीट काढलं, हॉटेल बुक केलं, तिथली गाडी काही मिळेना, तर आधी हॉटेल रद्द मग तिकीट. मधल्या वेळात इतरांना अर्धवट बुकिंग दिसतं, ते चालवून घ्यायचं. आज मायक्रोसर्व्हिसेसवाले (एक सॉफ्टवेअर छोट्या स्वतंत्र सर्व्हिसेसमध्ये तोडणारे) हेच करतात, वर नवा शोध लागल्याचा आव 😄

दादर_पूर्व:
मूळचे मेक्सिकोतल्या मोंतेरेचे. 1979 ला पीएचडी, ती पण रेप्लिकेटेड डेटावर, एकाच डेटाच्या कॉपी अनेक ठिकाणी ठेवून अपडेट कसं करायचं. गूगलवाल्या सर्गेई ब्रिनचे गाईड म्हणूनच लोक ओळखतात त्यांना, मला ते जरा अन्यायच वाटतं.

माटुंगाकर:
भारी! पण तो उलटा तुकडाच फेल झाला तर?

अंधेरी_फास्ट:
परत परत चालवायचा, म्हणून तो दोनदा चालला तरी बिघडणार नाही असाच लिही. तरी अडलाच तर मग माणूस बसवा 😅